गरुड नसलेले आकाश

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या वाचनबैठकीत एका तरुण सभासदाने जॉन गिलेस्पी मॅगी याच्या ‘हाय फ्लाइट’ या इंग्रजी सुनीताचा स्वतः केलेला मराठी अनुवाद वाचला. वाचन उत्तम झाले. आरंभी त्याने कवीची ओळख ‘अवघ्या एकोणिसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेला वैमानिक’ अशी करून दिली आणि अनुवादाचे शीर्षक ‘गरुडझेप’ असल्याचे सांगितले. कविता संपल्यावर क्षणभर शांतता पसरली, मग टाळ्या झाल्या. मीही वाजविल्या. परंतु रांध्याला घरी परतल्यावर ‘धारातीर्थी’ आणि ‘गरुडझेप’ हे दोन शब्द मनात बोचत राहिले. त्यांपैकी पहिला शब्द शासकीय सेवेत असताना मीही एकदा अशाच प्रसंगी वापरला होता, आणि त्याचा जाब मला तिथल्या तिथे मिळाला होता.

अनुवादक मित्राला दोन ओळींची चिठ्ठी लिहावी असे आधी ठरविले. चिठ्ठी वाढत गेली. तिचा हा लेख झाला आहे.

प्रथम मूळ कवितेविषयी. मॅगीचा जन्म ९ जून १९२२ रोजी शांघायमध्ये झाला. वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्रज. शिक्षण इंग्लंडमधील रग्बी शाळेत. १९३९ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि युद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच अडकून पडला. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली असताना ती सोडून १९४० च्या ऑक्टोबरमध्ये तो कॅनडाच्या विमानदलात दाखल झाला. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. १९४१ च्या जूनमध्ये त्याला वैमानिकाचे पंख मिळाले आणि तो इंग्लंडला आला. परंतु पंख मिळाले म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे. वेल्समधील लँडाउ येथे, स्पिटफायर या लढाऊ विमानाची सवय करून देणाऱ्या प्रशिक्षण तुकडीत तो शिकत होता. तिथेच १८ ऑगस्ट १९४१ रोजी उंच उड्डाणाचा सराव करताना त्याला ही कविता सुचली. तीस हजार फुटांवर सुरू झाली आणि जमिनीवर उतरल्यावर लवकरच पुरी झाली, असे त्याने आईवडिलांना कळविले. पत्राच्या पाठीमागे कविता उतरवून दिली होती. तुम्हाला यात गंमत वाटेल, अशा बेताच्या सुरात.

कवितेत काय आहे, यापेक्षा काय नाही ते आधी पाहावे, अशी माझी सूचना आहे. निवेदक पृथ्वीची बंधने झटकून वर जातो, ढगांत खेळतो, गिरक्या घेतो, वाऱ्याचा पाठलाग करतो, पक्ष्यांनाही न पोहोचता येणाऱ्या निळाईत शिरतो आणि शेवटी हात लांबवून ईश्वराच्या मुखाला स्पर्श करतो. चौदा ओळींत क्रियापदांची नुसती झुंबड आहे. पण यंत्र जवळजवळ नाही. तीस हजार फुटांवर तापमान शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली जाते, श्वासासाठी प्राणवायूची नळी तोंडाला लावावी लागते, इंजिनाची घरघर क्षणभरही थांबत नाही. यातले काहीही कवितेत येत नाही. शत्रू नाही. युद्धाचा उल्लेख नाही. मृत्यूही नाही. आणि दुसरे विमान नाही. ते संपूर्ण आकाश एकट्याचे आहे. या शेवटच्या अभावाकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

मग या कवितेत आहे काय? समीक्षकांनी तिच्यात अध्यात्म पाहिले, वीररस पाहिला. मला तिच्यात विद्यार्थी दिसतो. कवितेतील गिरक्या, कोलांट्या, झोके हे सारे वैमानिकी शिक्षणाचे पाठ आहेत. त्यामागे एक इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी नवशिक्यांना सांगत, की धोक्याच्या स्थितीत विमान जाऊच देऊ नका. गेले, तर बाहेर कसे काढायचे हे शिकविणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसे. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने ही पद्धत उलटी केली. ॲव्रो ५०४ या दोन आसनी विमानात शिक्षकाने विद्यार्थ्याला बरोबर घ्यावे, बोलण्याच्या नळीतून सूचना द्याव्यात, मुद्दाम विमान गिरकीत घालावे आणि विद्यार्थ्याकडूनच ते सावरून घ्यावे. भीतीचेच पाठात रूपांतर करायचे, असा तो विचार होता, आणि तोच पुढे जगभर रूढ झाला. मॅगीच्या कवितेतला खेळ हा या अभ्यासक्रमातून आलेला आहे. शिक्षकाची नजर चुकवून, किंवा शिक्षक बरोबर नसताना, पाठ केलेला धडा आनंदासाठी पुन्हा म्हणून पाहणारा मुलगा त्या ओळींत आहे. नदीत पोहायला शिकल्यावर पहिल्यांदा एकट्याने सूर मारणाऱ्या मुलाच्या तोंडावर असते तेच हसू इथे आहे.

या दृष्टीने पाहिले की कवितेवरील सर्वांत मोठ्या आक्षेपाचाही निराळा अर्थ लागतो. या सुनीतातील अनेक शब्दसंहती मॅगीच्या स्वतःच्या नाहीत. १९३८ साली ‘इकॅरस’ या नावाने उड्डाणविषयक कवितांचा एक संग्रह निघाला होता. क्रॅनवेल येथील विमानदल महाविद्यालयातील एक प्राध्यापक आणि तिथलेच तीन प्रशिक्षणार्थी यांनी मिळून तो संपादित केला होता. त्या संग्रहात कथबर्ट हिक्स या कवीची एका आंधळ्याच्या उड्डाणावरची कविता आहे. मॅगीच्या सुनीताचा ईश्वरस्पर्शाचा प्रसिद्ध शेवट तिच्याच शेवटाचे शब्द घेऊन आला आहे. आणखीही काही तुकडे त्याच पुस्तकातील इतर कवितांत सापडतात. हे उघडकीस आल्यावर काहींनी वाङ्मयचौर्य असा शिक्का मारला. नियमावलीच्या भाषेत तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु एकोणीस वर्षांचा मुलगा पत्रामागे चार ओळी लिहून आईवडिलांना पाठवितो, तेव्हा तो छापण्यासाठी लिहीत नसतो. आपण पाटीवर अक्षरे गिरवीत शिकलो. गिरविलेले अक्षर कोणाचे, असे कोणी विचारले नाही. विमान आणि कविता ही दोन्ही वाहने मॅगी एकाच वेळी चालवायला शिकत होता, आणि दोन्हींत दुसऱ्याचा हात त्याच्या हातावर होता. कविता म्हणून ‘हाय फ्लाइट’ पहिल्या प्रतीची नाही, हे माझे प्रामाणिक मत आहे. विशेषणे फार आहेत आणि शेवट उसना आहे. पण तिच्यातला वेग खरा आहे, तो गिरविता येत नाही.

आता मृत्यूविषयी. प्रशिक्षण संपवून मॅगी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ४१२ क्रमांकाच्या लढाऊ तुकडीत रुजू झाला. ११ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरनंतर चौथ्या दिवशी, लिंकनशायरमध्ये सरावाचे उड्डाण आटोपून त्याची तुकडी ढगांतील एका झरोक्यातून खाली उतरत होती. ढगाखाली, सुमारे चौदाशे फुटांवर, त्याच्या स्पिटफायरची दुसऱ्या एका विमानाशी टक्कर झाली. ते ऑक्सफर्ड जातीचे प्रशिक्षणाचे विमान होते. पाहणाऱ्या एका शेतकऱ्याने नंतर सांगितले, की स्पिटफायरच्या वैमानिकाने डोक्यावरचे झाकण मागे सारले, तो उभा राहिला आणि बाहेर पडला. परंतु हवाई छत्री उघडण्याइतकी उंची उरलेली नव्हती. स्कॉपविक गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. थडग्याच्या दगडावर त्याच्याच कवितेची पहिली आणि शेवटची ओळ कोरली आहे.

दुसऱ्या विमानात अर्नेस्ट ऑब्रे ग्रिफिन हा प्रशिक्षणार्थी होता. त्याचेही वय एकोणीस. तोही ठार झाला. त्याचे विमान क्रॅनवेलचे होते. ज्या क्रॅनवेलच्या प्रशिक्षणार्थींनी संपादित केलेल्या पुस्तकातून मॅगीने आपले शब्द उचलले, तेच ते क्रॅनवेल. एखाद्या कादंबरीकाराने हा योग जुळवून आणला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. मॅगीवर लिहिणारे बहुतेक लेखक ग्रिफिनला एका वाक्यात आटोपतात, आणि कित्येक तेवढेही करीत नाहीत. आपल्या मित्राच्या प्रास्ताविकातही तो नव्हता. कवितेत दुसरे विमान नाही, हे मी वर म्हटले. ज्या आकाशात आपण एकटेच आहोत असे कवितेने मानले, त्या आकाशात दुसराही एक शिकणारा मुलगा होता. हा दोष कवितेचा नव्हे, ती चार महिने आधी लिहिलेली होती. दोष पुढच्यांचा आहे, ज्यांनी कवितेच्या नजरेनेच अपघात पाहिला.

ही नजर कशी तयार झाली हेही पाहण्यासारखे आहे. मॅगीचा आदर्श होता रूपर्ट ब्रूक. तोही रग्बीचाच विद्यार्थी, शाळेचे काव्यपारितोषिक त्यानेही मिळविलेले. ब्रूकने १९१४ मध्ये देशासाठी मरण्याच्या सौंदर्यावर सुनीते लिहिली आणि १९१५ मध्ये, मोठी लढाई पाहण्याआधीच, रक्तदोषाने तो जहाजावर वारला. मरणानंतर त्या सुनीतांना मंत्राचे मोल आले. मॅगीने शाळेत असताना ब्रूकवर सुनीत रचले होते. पुढे त्याचीही गत तीच झाली. वडील तेव्हा वॉशिंग्टनमध्ये एका चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांच्यामार्फत कविता प्रसृत झाली आणि १९४२ च्या आरंभी काँग्रेसच्या ग्रंथालयात, ग्रंथपाल व कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्या पुढाकाराने भरलेल्या प्रदर्शनात ती मांडली गेली. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती. तिला अशा कवितेची गरज होती. त्यानंतर अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रे रात्रीचे कार्यक्रम संपविताना ती ऐकवू लागली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळले तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आपल्या भाषणाचा शेवट तिच्याच शब्दांनी केला. ज्या कवितेत मृत्यू नव्हता ती शोकसभांची कविता झाली. (एका मिश्कील वैमानिकाने तिच्या प्रत्येक ओळीला हवाई वाहतूक खात्याच्या नियमांच्या तळटीपा जोडून विडंबन केले आहे: ढगांपासून ठराविक अंतर राखावे, परवानगीशिवाय कोलांट्या मारू नयेत, इत्यादी. तीस वर्षे परिपत्रके काढलेल्या माझ्यासारख्याला ते फार आवडले.)

इथे मला स्वतःचा एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी राज्य शासनाच्या महसूल खात्यात, एका तालुक्याच्या गावी, नायब तहसीलदार होतो. तालुक्यातील एका खेड्याचा मुलगा विमानदलात वैमानिकाचे शिक्षण घेत असताना सरावाच्या उड्डाणात गेला. शोकसभा ठरली. वरिष्ठांच्या भाषणाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी ‘साहित्यिक’ म्हणून कचेरीत ओळखला जात असे. मी रात्री जागून मसुदा केला. त्यात ‘धारातीर्थी देह ठेवला’ असे लिहिले, आणि महाविद्यालयात वाचलेल्या याच सुनीताच्या शेवटाचा भावार्थ गुंफला. भाषण गाजले. सभा संपल्यावर मुलाचे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्याजवळ आले.

“साहेब, भाषण तुम्ही लिहिलं होतं ना?”

मी मान डोलावली. कौतुक अपेक्षिले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

“शब्द फार मोठे होते. पण धारातीर्थ नव्हतं हो ते. शिकत होता तो.” थोडे थांबून ते म्हणाले, “पत्रात लिहायचा, आज एकट्यानं उडवलं, आज उतरवताना मास्तरांनी झापलं. वर जाण्यापेक्षा उतरवणं अवघड, असं म्हणायचा. ते कुणी बोललंच नाही.”

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. त्या गृहस्थांनी पोटच्या मुलाच्या दुःखातही जी समीक्षा केली, तिच्यापुढे माझा मसुदा टिकला नाही. त्यांना मुलाचा गौरव नको होता असे नव्हे. त्यांना मुलगा ओळखू येईल असा गौरव हवा होता.

‘धारातीर्थ’ हा शब्द तलवारीच्या धारेचा आहे. समोर शत्रू, हातात शस्त्र आणि माघार न घेण्याचा निश्चय, एवढे त्यात गृहीत आहे. जुन्या बखरींत ‘कामास आला’ असा साधा प्रयोगही आहे. त्यात मरणाऱ्याने कोणते काम पत्करले होते याची आठवण राहते. आपण मात्र सरसकट मोठा शब्द निवडतो, आणि ज्या मृत्यूला तो बसत नाही तो मृत्यू शब्दाच्या मापाचा करून घेतो. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रकुलातील वैमानिक घडविण्यासाठी कॅनडात जी प्रचंड योजना चालली तिच्यातून १,३१,००० हून अधिक जण शिकून बाहेर पडले, आणि त्या योजनेत शिकताना वा शिकविताना आठशेहून अधिक जण प्राणास मुकले. ते शत्रूच्या गोळीने मेले नाहीत. ढग, बर्फ, कच्चा हात, दमलेला शिक्षक, रात्रीचा अंदाज चुकणे, यांनी ते गेले. त्यांच्या मृत्यूला कमीपणा नाही. पण तो सांगण्यासाठी वेगळी भाषा लागते, आणि ती वीरकाव्यात मिळत नाही.

या संदर्भात आपल्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. श्रीकृष्ण वेलिणकर हे मुंबईचे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये शिकले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात लढाऊ वैमानिक झालेल्या मूठभर हिंदी तरुणांत हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन यांच्याबरोबर त्यांची गणना होते. हिंदी माणसाला अधिकारपद देण्यास त्या काळी सैन्याची तयारी नव्हती. मलिक यांच्यासाठी ऑक्सफर्डमधील त्यांच्या शिक्षकाला थेट विमानदलाच्या सेनापतीला पत्र लिहावे लागले, हा मुलगा नाहीतर फ्रेंचांकडे जाईल, असे. १९१७ मध्ये ही दारे किलकिली झाली. वेलिणकर २३ क्रमांकाच्या तुकडीत डॉल्फिन जातीचे विमान चालवीत. या विमानाची रचना चमत्कारिक होती. वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे दृष्टी चौफेर मिळे, पण उतरताना विमान उलटले तर सगळा भार मानेवरच येण्याची धास्ती असे. मुलाने त्या शिक्षकाला लिहिलेले ‘उतरवणं अवघड’ इथे अक्षरशः लागू पडते. २७ जून १९१८ रोजी वेलिणकरांचे विमान पाडले गेले आणि ३० जून रोजी, जर्मनांच्या ताब्यात असताना, ते जखमांनी वारले. पंचविशीही गाठली नव्हती. फ्रान्समध्ये आमियाँजवळ हाँगार येथील युद्धस्मशानात त्यांचे थडगे आहे.

थडग्यावरील लेख इंग्रजीत आहे. साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्माननीय स्मृतीस, असा त्याचा आशय. तेवढेच. या लेखनप्रकाराचीही एक नियमावली होती, आणि ती सांगण्याचा मोह मला आवरत नाही. युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने प्रत्येक कुटुंबाला दगडावर स्वतःचे शब्द कोरून घेण्याची मुभा दिली होती. मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागाही मोजून, आणि आकार दर अक्षराला साडेतीन पेन्स. आयोगाचे साहित्यविषयक सल्लागार होते मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग, ज्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी गेला होता. आपल्या नगर हवेलीचा मुलूख १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला तो मराठ्यांच्या आरमाराने घेतलेल्या सांताना या जहाजाच्या भरपाईपोटी. जहाजाची भरपाई गावे मोजून देता येते. ६६ अक्षरांत आईबापांनी काय मोजावे?

वेलिणकरांच्या थडग्यावरील शब्दांना मी नावे ठेवीत नाही. १९१८ नंतरच्या मुंबईत एका घराने तो सन्मान साम्राज्याच्या भाषेत मागितला, यात त्या काळाची रीत आहे. मात्र शेजारी इंद्रलाल रॉय यांचा दगड ठेवून पाहावा. रॉय यांनी १९१८ च्या जुलै महिन्यात तेरा दिवसांच्या अवधीत दहा विमाने पाडल्याची नोंद आहे; २२ जुलै रोजी ते पडले तेव्हा वय एकोणीस. त्यांच्या थडग्यावर बंगालीत लेख आहे. ही महावीराची समाधी आहे, हिला मान द्या, स्पर्श करू नका, असा त्याचा अर्थ. परक्या भूमीत, त्या गावात कोणालाही वाचता न येणाऱ्या लिपीत, एका कुटुंबाने आपल्या मुलाशी आपल्या भाषेत बोलण्याचा हट्ट धरला. तिथेही शब्द मोठाच आहे, ‘महावीर’. पण पुढचे ‘स्पर्श करू नका’ हे शब्द आईचे वाटतात. एका घरगुती आज्ञेने तो दगड साहित्य झाला आहे. मॅगीच्या कवितेच्या शेवटी स्पर्श आहे, रॉय यांच्या दगडावर स्पर्शाला मनाई आहे. दुसऱ्यात मला अधिक कविता दिसते.

चौघांत दीर्घायुषी ठरले मलिक. पायात गोळ्या घेऊन परतले, पुढे राजदूत झाले, क्रिकेट व गोल्फ खेळत राहिले, १९८५ मध्ये वारले. त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षकच मराठीत सांगायचे तर ‘थोडे काम, थोडा खेळ’ असे आहे. जो जगला त्याला मोठे शब्द वापरण्याची गरज भासली नाही, एवढे त्या शीर्षकावरून ध्यानात यावे.

मराठीत वेलिणकरांवर एखादी कविता वा कथा माझ्या वाचनात नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले, या भरवशाचा पुरावा नसलेल्या कथेवर मात्र आपण व्याख्याने दिली, २०१५ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. न उडालेल्या विमानाचा अभिमान आणि खरोखर उडालेल्या, पडलेल्या मुंबईकराचे विस्मरण, असा हा विचित्र हिशेब आहे. कदाचित आपल्या भाषेतच ‘विमान’ हा शब्द आधीपासून पवित्र होऊन बसला असल्यामुळे असे होत असेल. पुष्पक असो की तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान असो, त्यांत इंजिन नसते, शिकाऊ वैमानिक नसतो, आणि ते कधी पडत नाही.

पडण्याची कथा आपल्याकडे नाही असे मात्र नाही. पाश्चात्त्य कवी इकॅरसकडे गेले. क्रॅनवेलच्या संग्रहाचे नावही तेच. आपल्याकडे किष्किंधाकांडात संपाती आहे. तो आणि धाकटा जटायू, दोघे तरुणपणाच्या उन्मादात सूर्याकडे झेपावले. जटायू तापाने व्याकूळ झाला तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख पसरले, आणि त्याचे पंख जळून तो विंध्य पर्वतावर पडला. ही हकिगत पुढे वानरांना तो स्वतः सांगतो, पंख नसलेला म्हातारा होऊन. या कथेत आकाशात दोन पक्षी आहेत, एकाला दुसऱ्याचे भान आहे, आणि पडलेला जगून बोलतो. ‘हाय फ्लाइट’चा मराठी अनुवाद करणाऱ्याने हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला असता तर निदान शीर्षक तरी वेगळे सुचले असते. कारण ‘गरुडझेप’ हे शीर्षक मूळ कवितेच्याच विरुद्ध जाते. जिथे चंडोलच काय, गरुडही कधी उडाला नाही अशा ठिकाणी आपण पोहोचलो, असे कवी स्पष्ट म्हणतो. त्या आकाशाला गरुडाचे नाव देणे म्हणजे कवी जिथून पुढे गेला तिथे त्याला परत आणून बसविणे होय. शिवाय हा शब्द आपल्याकडे दहावीच्या निकालापासून साखर कारखान्याच्या अहवालापर्यंत इतका फिरला आहे, की त्यात उंची उरलेली नाही.

हे सर्व मी अनुवादक मित्राला आधी तोंडी सांगितले. राग येईल असे वाटले होते. तो मागच्या महिन्यात रांध्याला आला, दुसरा खर्डा घेऊन. शीर्षक आता नुसते ‘उड्डाण’ आहे. प्रास्ताविकातला ‘धारातीर्थी’ गेला आहे आणि ग्रिफिनचे नाव, वयासह, आले आहे. क्रियापदे त्याने चांगली पकडली आहेत. दुसऱ्या चार ओळींतली गिरकी मूळाइतकीच मोकळी उतरली आहे. शेवटची ओळ मात्र अडली. ‘मुख’ म्हटले की देवघर येते, ‘चेहरा’ म्हटले की सलगी वाटते, आणि ‘स्पर्श’ या शब्दाशी आता मला रॉय यांचा दगड आठवतो. ‘आजोबा, तो शब्द मुळात त्याचा नाहीच ना, मग आपण तरी कशाला एवढे अडायचे?’ असे तो हसून म्हणाला. ओसरीवर अंधार पडेपर्यंत आम्ही त्या एका ओळीशी बसलो होतो. चहा दोनदा झाला. ओळ तशीच राहिली आहे.